दहावीला बोर्ड नाही आणि लेक परत यायला तयार नाही

पत्र : आम्ही मूळचे दापोलीचे. माझे पती भाताच्या वाणांवर काम करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत संधी मिळाली आणि आम्ही तिघं इथे आलो. लेकीला इथल्याच एका खाजगी शाळेत घातलं. ती आता ग्रेड १० मध्ये आहे, म्हणजे आपली दहावी. पण इथे बोर्डाची परीक्षाच नाही! आठवड्यातून तीन दिवस ती सहा-साडेसहाला घरी येते. विचारलं की म्हणते, ‘प्रॅक्टिस होती.’ कधी नाच, कधी समूहपठण, कधी कसलं नाटक. वर्ग झाडणं, फरशी घासणं हेही मुलांनीच करायचं. घरी आली की फोनवर इथल्या टागालोग भाषेत हसत बसते, मला एक अक्षर कळत नाही. डिसेंबरात सासूबाई आल्या होत्या. लेकीने वाकून नमस्कार करायचा सोडून त्यांचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. सासूबाई म्हणाल्या, ‘ही आता आपली राहिली नाही.’ ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. दीर म्हणतात, अकरावीला पुण्यात पाठवा, वसतिगृहात ठेवू, चांगले क्लास लावू. लेकीला हे सांगितलं तर ती रात्रभर रडली. आमचा करार अजून तीन वर्षांचा आहे. पती म्हणतात, तू ठरव. मी काय करू? आणि एक बारीकशी गोष्ट : पोळीभाजीचा डबा रोज अर्धा परत येतो.
– एक आई, लॉस बान्योस

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. अकरावीला लेकीला पुण्याला पाठवू नका. तुमचा करार तीन वर्षांचा आहे, तिची शाळा दोन वर्षांची उरली आहे. ती तुमच्याजवळ राहून, तिथेच ग्रेड १२ पूर्ण करू दे.

हे मी लांबून सांगत नाही. २०१४ ते २०१९ आम्हीही लॉस बान्योसला होतो, आणि माझा मुलगा ग्रेड ८ ते ग्रेड १२ तिथल्या शाळेत शिकला. तुमच्या पत्रातली जवळजवळ प्रत्येक तक्रार मी त्या वर्षांत कुणाकडे ना कुणाकडे केलेली आहे. म्हणून तुमचं पत्र वाचताना मला तुमची भीती ओळखीची वाटली, आणि तिला घाईघाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

बोर्डाचं आधी बघू, कारण दिरांच्या सगळ्या बोलण्याचा पाया तो आहे. आपल्याकडे दहावी म्हणजे उंबरठा. तिथे ग्रेड १० हा उंबरठा नाहीच. पूर्वी फिलिपिन्समध्ये सहा वर्षं प्राथमिक आणि चार वर्षं हायस्कूल, अशी दहा वर्षांची शाळा होती. २०१३ च्या कायद्याने ती बारा वर्षांची झाली : ग्रेड ७ ते १० ज्युनियर हाय, ११ आणि १२ सीनियर हाय. ग्रेड १० संपलं की एक छोटा समारंभ होतो, त्याला ‘मूव्हिंग अप’ म्हणतात. नावातच सांगितलंय की पोरं वर सरकली, बाहेर पडली नाहीत. बाहेर पडण्याचा समारंभ ग्रेड १२ चा. म्हणजे आत्ता तिला उचललं, तर तुम्ही तिला जिन्याच्या मधल्या पायरीवरून उचलणार. हातात बोर्डाचं प्रमाणपत्र नसेल, समकक्षता दाखवण्यासाठी कागदांमागे धावावं लागेल, आणि त्याच वेळी नवं शहर, नवं वसतिगृह, नवे क्लास. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर एवढं एका जून महिन्यात लादू नये असं मला मनापासून वाटतं.

आता अभ्यास. ‘बोर्ड नाही म्हणजे अभ्यास नाही’ हे मीही धरून चालले होते. एका सुट्टीत मी आपली दहावीची गणिताची पुस्तकं मागवली आणि मुलाच्या वह्यांशेजारी ठेवली. वर्गसमीकरणं, समरूप त्रिकोण, त्रिकोणमिती हे त्याचं ग्रेड ९ मध्येच होऊन गेलं होतं. श्रेढी, वर्तुळ, संभाव्यता ग्रेड १० मध्ये होतं. आणि क्रमपर्याय-संयोग, जे आपल्याकडे अकरावीला येतं, तेही ग्रेड १० मध्येच होतं. धडे कमी नव्हते, सराव कमी होता. आपल्याकडे एका प्रकाराची चाळीस उदाहरणं सोडवून घेतात, तिथे आठ-दहा. विज्ञानाचीही गंमत वेगळी आहे : दरवर्षी जीव, रसायन, भौतिक आणि पृथ्वीविज्ञान थोडं थोडं, आणि पुढच्या वर्षी तेच जरा खोलात. मुलाला कुठलाच विषय ‘संपला’ असं कधी वाटलं नाही.

गुणपत्रिकेबद्दल एक सांगते, कारण मला ते फार उशिरा कळलं. २०१५ पासूनच्या पद्धतीत कार्डावर येणारा आकडा हा मूळ टक्केवारीचा बदललेला आकडा असतो. मूळ ६० टक्के असतील तर कार्डावर ७५ दिसतात, आणि ७५ म्हणजे पास. कार्डावरचे ८५ म्हणजे मूळचे साधारण ७६-७७. तेव्हा ८८ बघून आपण खूश झालो तर थोडं थांबायचं, आणि ७८ बघून ‘बरं आहे की’ असंही म्हणायचं नाही. आणि त्या आकड्यात काय काय धरलेलं असतं ते तर तुमच्या ‘प्रॅक्टिस’च्या प्रश्नाचं उत्तरच आहे. भाषांच्या विषयांत लेखी कामाला ३० टक्के, प्रत्यक्ष करून दाखवायच्या कामाला ५० टक्के, आणि तिमाहीच्या परीक्षेला फक्त २० टक्के. गणित-विज्ञानात ४०, ४०, २०. संगीत, कला, शारीरिक शिक्षण आणि आरोग्य मिळून एक विषय असतो, मुलं त्याला ‘मापे’ म्हणतात. त्यात करून दाखवण्याला ६० टक्के. म्हणजे लेक सहाला घरी येते ती बहुतेक वेळा परीक्षा देऊनच येते, ताई. फक्त ती परीक्षा बाकावर बसून द्यायची नसते.

आणि ते ‘कसलं नाटक’. तिथे ग्रेड ९ ला होसे रिझालांची ‘नोली मे तांगेरे’ आणि ग्रेड १० ला ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ वाचतात. १९५६ च्या कायद्याने रिझालांचं लेखन शाळा-कॉलेजांत शिकवणं बंधनकारक आहे. मूळ कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये, १८८७ आणि १८९१ मध्ये छापलेल्या. मुलं त्या फिलिपिनोत, म्हणजे टागालोगवर बेतलेल्या तिथल्या राष्ट्रभाषेत, वाचतात आणि बऱ्याच शाळांत वर्षाअखेरीस त्यातले प्रसंग बसवतात. हे लिहिणाऱ्या माणसाला स्पॅनिश सरकारने ३० डिसेंबर १८९६ ला गोळ्या घातल्या, तो पस्तीस वर्षांचा होता. आणि त्याचं जन्मगाव कालांबा तुमच्या शेजारचं, बाजाराला जाता येईल इतकं जवळ. तुमची लेक एका वसाहतीच्या राज्याखाली चिरडलेल्या माणसांची गोष्ट, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गावांजवळ, पाठ करून उभी राहून बोलते आहे. मला विचाराल तर तिला दहावीत मिळालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तिला एकदा विचारा, तुझी भूमिका कुणाची?

मी काय चूक केली तेही लिहिते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. ऑगस्ट हा तिथे भाषेचा महिना. ‘साबायांग पाग्बिग्कास’ म्हणजे समूहपठणाची स्पर्धा असते, चाळीस-पन्नास मुलं एका आवाजात कविता म्हणतात, मध्येच आवाज दोन भागांत फुटतो, पुन्हा जुळतो, हातवारे, पावलं, सगळं एकत्र. मुलगा ग्रेड ९ मध्ये असताना मी त्याला अशाच एका सरावातून सलग तीन दिवस गणिताच्या शिकवणीसाठी उचलून आणलं. त्याने काही वाद घातला नाही, गप्प झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात चार मुलं उभी. दोन मुली, दोन मुलगे, घामेजलेली, हातात गरम पानदेसालची पिशवी. तिथे मित्राच्या आईला ‘तिता’ म्हणतात, म्हणजे मावशी-आत्या. त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘तिता, तो डाव्या रांगेत तिसरा आहे. तो नसला की आमची रांग कुठे वळायचं ते विसरते.’ एवढंच. मला पाव दिला, थोडा वेळ उभी राहिली, प्रत्येक वाक्यामागे आदराचा ‘पो’ लावत निरोप घेऊन गेली. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. माझ्या मुलाची कुणाला तरी गरज आहे, तो नसला तर रांग अडते, हे मला पहिल्यांदा परक्या पोरांकडून कळलं होतं.

तुम्ही वर्ग झाडण्याबद्दल लिहिलंय. दापोलीच्या माणसाने तरी त्याचं वाईट वाटून घेऊ नये! रोजची पाच-सहा मुलं ठरलेली असतात, त्यांना ‘क्लीनर्स’ म्हणतात. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी. अंगण झाडायला जो ‘वालिस तिंगतिंग’ असतो तो म्हणजे आपला माडाच्या हिरांचा खराटा, तसाच वळलेला, तसाच आवाज करणारा. आतली जमीन झाडायला मऊ गवताचा ‘वालिस ताम्बो’. आणि बऱ्याच शाळांत अजून ‘बुनोत’ आहे : नारळाचं सोडण अर्धं कापलेलं. मेण लावलेल्या जमिनीवर ते ठेवायचं, त्यावर एक पाय द्यायचा आणि कंबर हलवत पुढे-मागे घासत जायचं, चकाकी येईपर्यंत. माझ्या मुलाने घरी येऊन मला ते करून दाखवलं होतं. आपल्याकडे सोडण बंबाखाली जातं किंवा त्याचा काथ्या होतो, तिथे त्याने शाळा चकचकीत होते. लेकीला एकदा म्हणा, आमच्याकडे याला सोडण म्हणतात. कोकणातला आणि तुमच्या लागुना प्रांतातला माड एकच आहे, हे तिला तुमच्याकडूनच कळायला हवं.

आता तिच्या दिवसाकडे जरा जवळून बघा, कारण मला वाटतं तुम्हाला तिचा दिवस दोन्ही टोकांनी दिसतो, मधला दिसत नाही. पहाटे पाचला उठणं, बादलीतलं पाणी ‘ताबो’ने, म्हणजे आपल्या मगाने, अंगावर घेणं. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी न्याहारीला ‘सिनांगाग’, रात्रीचा भात लसणीवर परतलेला, सोबत अंडं. आपला फोडणीचा भातच तो. मग ट्रायसिकल, म्हणजे तिथली रिक्षा, किंवा जीपनी, म्हणजे जीपसारखी लांब प्रवासी गाडी. जीपनीत मागे बसलेल्याने पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, त्याने त्याच्या पुढच्याच्या, असे चार-पाच अनोळखी हातांतून नाणी चालकापर्यंत जातात आणि सुटे त्याच वाटेने परत येतात. सोमवारी सकाळी झेंडा, छातीवर हात, राष्ट्रगीत, मग देशनिष्ठेची प्रतिज्ञा. आणि वर्गात शिकवायला आलेल्या बाई म्हणतात, ‘वन-फोर्थ काढा.’

हा वन-फोर्थ समजला की तिथली शाळा समजते. छोट्या चाचण्यांना अख्खा कागद वाया घालवायचा नाही म्हणून पॅडचा पाव कागद. कधी अर्धा, आणि तोही उभा का आडवा हे बाई सांगतात. वर्गात पंचेचाळीस मुलं, पॅड चौघांकडे. बाईंचं वाक्य संपायच्या आत सगळा वर्ग त्या चौघांकडे वळतो : ‘पाहिंगी!’ म्हणजे मला थोडं दे. कागद टराटरा फाटतात, मागे जातात, दोन मिनिटांत सगळ्यांपुढे पाव पाव कागद. मुलाचं जाडजूड पॅड आठवड्यात संपलं म्हणून मी एकदा त्याला फार रागावले. तो म्हणाला, ‘आई, कागद माझा असतो, पण परवा मला जीपनीचे पैसे कुणी दिले?’ मी पुढे काही बोलले नाही. तेव्हापासून दोन पॅड घ्यायचे हे ठरून गेलं.

तिच्या वर्गात आणखी एक गोष्ट असणार, तिने सांगितली नसली तरी. दोन-चार मुलांच्या आया हाँगकाँगला किंवा सौदीला घरकामाला असतील, कुणाचा बाप जहाजावर असेल, आणि मुलं ‘लोला’जवळ म्हणजे आजीजवळ वाढत असतील. महिन्याचे पैसे येतात, वर्षातून एकदा मोठं खोकं येतं, चॉकलेटं, साबण, बूट, आणि आई मात्र दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी येते. आपल्या कोकणाला हे नवं नाही. मुंबईचा चाकरमानी आणि मग आखात, घरातले पुरुष बाहेर आणि मनिऑर्डरची वाट, हे आपण पिढ्यान्पिढ्या बघितलंय. फरक इतकाच की तिथे आई जाते. अशा मैत्रिणी असलेल्या मुलीला तुम्ही सांगितलंत की तुला आम्ही पुण्याला वसतिगृहात ठेवतो. ताई, ती रात्रभर का रडली याचं एक कारण मला इथे दिसतं. आईपासून लांब राहणं म्हणजे काय हे तिने रोज मधल्या सुट्टीत शेजारी बसून पाहिलं आहे.

हे सगळं लिहिलं म्हणून तिथल्या शिक्षणात दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. सरकारी शाळांत गर्दी इतकी की मोठ्या शहरांत वर्ग दोन-दोन पाळ्यांत भरतात. २०१८ च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, वाचनात फिलिपिन्स सगळ्यात शेवटी होता. आपणही त्याच चाचणीत २००९ ला तमिळनाडू आणि हिमाचल उतरवले तेव्हा तळाशीच होतो, पण त्याने तिथला प्रश्न लहान होत नाही. तुमची लेक खाजगी शाळेत आहे, लहान गावात आहे, शेजारी विद्यापीठ आहे, घरात शिकलेले आईवडील आहेत. तिची बाजू बळकट आहे. तरी गणिताच्या सरावाची तुमची काळजी रास्त आहे, ती सोडू नका. रविवारी सकाळी दीड तास, आपलीच पुस्तकं, वडिलांनी बसायचं. रोज संध्याकाळी नको, रोजचा सूर घरात भांडणाचा होतो.

उशिरा येण्याबद्दलही तुम्ही बरोबर आहात. परक्या देशात मुलगी सहाला येते आणि आईला कारण एका शब्दात कळतं, हे बरं नाही. पण ते लेकीला दटावून सुटणार नाही. तिथे वर्गशिक्षकांना ‘अॅडवायजर’ म्हणतात आणि पालकांचा मेसेंजरवर गट असतो. त्यात तुम्ही आहात का? माझा अंदाज, पती आहेत, तुम्ही नाही. त्या गटात शिरा आणि सरावाच्या तारखा सरळ विचारा, इंग्रजीत विचारलंत तरी चालेल. दर तिमाहीला कार्ड घ्यायला पालकांना बोलावतात, तेव्हाही तुम्हीच जा.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. दरवेळी थांबले ती एकाच ओळीवर : ‘मला एक अक्षर कळत नाही.’ बोर्ड, क्लास, पुणे हे सगळं त्या ओळीभोवती उभं आहे असं मला वाटतं. लेक दारातल्या दारात हसते आहे आणि तुम्हाला ते हसू कळत नाही, हे दुःख खरं आहे. त्यावर तिला हजारो मैल लांब पाठवणं हा उपाय कसा होईल? टागालोग शिका. अवघड वाटते तितकी नाही. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘साक्सी’ म्हणजे साक्षीदार, ‘दिवाता’ म्हणजे देवता, ‘दुखा’ म्हणजे गरीब, दुःखी. ‘पो’ म्हणजे विदर्भात वाक्यामागे ‘जी’ लावतात ना, अगदी तसं. ‘आते’ ताई, ‘कुया’ दादा, आणि रिक्षावाल्याला आपण दादा म्हणतो तसं ट्रायसिकलवाल्यालाही कुयाच. कुणी जेवत असताना तुम्ही जवळून गेलात की ते म्हणतील, ‘काइन तायो’, या जेवायला! हे वाक्य आपल्या घरांतून कमी होत चाललंय, तिथे अजून दिवसातून दहादा ऐकू येतं. शेजारच्या लोलाकडे दुपारी अर्धा तास जाऊन बसलात तर सहा महिन्यांत लेकीचे अर्धे विनोद कळायला लागतील.

आणि एक दिवस लेकीला घेऊन मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा, साठेक किलोमीटरच तर आहे. १९८९ मध्ये तुमच्याच लागुना प्रांतात, लुंबानच्या नदीत एक तांब्याचा पत्रा सापडला. एका माणसाचं कर्ज माफ झाल्याची ती नोंद आहे, लिपी कावी, भाषा जुनी मलय, मध्येमध्ये संस्कृत शब्द. तिची सुरुवात ‘स्वस्ति’ने होते आणि पुढे तारीख येते : शक वर्ष ८२२, वैशाख महिना, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. त्या शाळेतल्या तिच्या किती मैत्रिणींना शक म्हणजे काय, वद्य चतुर्थी म्हणजे काय हे सांगता येईल? तुम्हाला येतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याच शकाचं कॅलेंडर लटकत असेल. फिलिपिन्सचा तो सगळ्यात जुना तारीखवार लेख लेकीला तुम्ही वाचून दाखवा.

सासूबाईंचं. हात कपाळाला लावण्याला तिथे ‘मानो’ म्हणतात. मूल म्हणतं, ‘मानो पो’, म्हणजे आपला हात द्या. वडीलधारी माणसं हात पुढे करतात, मूल वाकतं, तो हात कपाळाला टेकवतं, आणि ती म्हणतात, देवाची तुझ्यावर कृपा असो. लेक आजीपुढे वाकली होती, ताई. आजीचा हात तिने कपाळाला लावला होता, आणि हात धरून वाकायचं म्हणजे पायांपेक्षा जरा जवळ जावं लागतं. सासूबाईंना हे तुम्ही फोनवर सांगू नका, लेकीला सांगू दे, तिच्या शब्दांत. आणि पुढच्या वेळी दोन्ही कर म्हणा : आधी पाया पड, मग हात कपाळाला लाव. आजीला दुसऱ्याचीही सवय होईल.

आता कागद. ग्रेड १२ नंतर ती पदवीला भारतात येणार असेल तर फॉर्म १३७ म्हणजे शाळेची कायमची नोंद, फॉर्म १३८ म्हणजे गुणपत्रक, आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला, हे तीन कागद शाळेकडून घ्यायचे. त्यांची शिक्षण खात्याकडून पडताळणी, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मिळणारं प्रमाणपत्र. फिलिपिन्स मे २०१९ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, भारत आधीपासून आहे, त्यामुळे पूर्वीसारखे वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत. भारतात विद्यापीठात प्रवेशाला समकक्षतेचं प्रमाणपत्र लागेल. ज्या कॉलेजात घालायचं मनात असेल त्यांना आत्ताच लेखी विचारून ठेवा, उत्तरही लेखी घ्या. शाळेत हेही विचारा की सीनियर हायला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि कलन हे सगळे विषय तिला मिळतील का. तिथला सीनियर हायचा अभ्यासक्रम २०२५ पासून बदलायला लागला आहे, तेव्हा वर्षभरापूर्वीच्या माहितीवर विसंबू नका.

माझा सल्ला एकाच गोष्टीने बदलेल. लेकीने स्वतः म्हटलं की मला भारतात डॉक्टर व्हायचंय किंवा आयआयटीला जायचंय, तर नीट किंवा जेईईची तयारी तिथल्या शाळेच्या जोरावर होणार नाही, हे स्पष्ट सांगते. मग ऑनलाइन क्लास, किंवा खरंच परत येणं, यांचा विचार करावा लागेल. पण तुमच्या सबंध पत्रात तिला काय व्हायचंय याबद्दल एक ओळ नाही. दिरांचं मत आहे, पतींचं आहे, सासूबाईंचं आहे. तिला विचारा. आणि विचारायच्या आधी पुण्याचा विषय मागे घेतलाय असं तिला सांगा, नाहीतर ती घाबरून उत्तर देईल.

राहिला डबा. तो अर्धा परत येतो कारण पोळीभाजी एकटीने खायची गोष्ट आहे आणि तिथे डबा एकट्याने कुणी खात नाही. पोळी तोडून देता येत नाही, भाजी सांडते, आणि ‘थोडं घे’ म्हणायला तिला संकोच वाटत असणार. उचलून देता येईल असं काहीतरी द्या. केळीच्या पानातली पानगी द्या, त्यांच्या ‘सुमान’च्या जवळची आहे, मुलींना पान सोडतानाच ओळखीची वाटेल. नारळाच्या वड्या, रव्याचे लाडू, तांदळाचे घावन गुंडाळून. मोजून द्या : तिच्या बाकाची रांग किती मुलींची आहे ते विचारा आणि तितके अधिक दोन. माझ्या मुलाच्या रांगेत सात जण होते. मी नऊ लाडू द्यायचे, आणि डबा धुतलेला परत यायचा.